क्लॅरन्सचं तसं बरं आहे

हार्लन ब्रेकेने नोकरीच्या सबंध हयातीत हायवे बंद केला तो दोनदाच, आणि त्यातली एक वेळ त्याला शेवटपर्यंत मान्य नव्हती.

उत्तर मिनेसोटातल्या विलो नॅरोज गावाभोवतीचे रस्ते हिवाळ्यात चालू ठेवायचे की बंद करायचे, हे ठरवणं हे त्याचं काम. बर्फ कमरेपर्यंत येवो, वारा छपरं उचलून नेवो, हार्लन आपल्या ट्रकमधून एक चक्कर मारून यायचा, टोपी गुडघ्यावर आपटून झटकायचा आणि कचेरीतल्या काळजीग्रस्त चेहऱ्यांना म्हणायचा, "अजून थोडं बघू." बहुतेक वेळा बघता बघता वादळच कंटाळून विस्कॉन्सिनकडे निघून जायचं. तो निवृत्त झाला तेव्हा काउंटीने त्याला सोनेरी रंगाचं एक फावडं भेट दिलं आणि त्याच्या पात्यावर हेच तीन शब्द कोरून घेतले. ते फावडं दिवाणखान्यात भिंतीवर असे. त्याच्यावरची धूळ झटकताना मार्लिस, म्हणजे हार्लनची बायको, ते शब्द वाचून दर आठवड्याला एक सुस्कारा सोडत असे. लग्नाची मागणी घालायला हार्लनने किती काळ घेतला हे गावात सर्वांना ठाऊक आहे. इथे ते उगाळण्यात अर्थ नाही.

अशा माणसाच्या हवाली एक बोका करून मार्लिस त्या जानेवारीत ॲरिझोनाला गेली. तिच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. बहीण उन्हात बसून बरी होणार होती आणि मार्लिस तिच्या शेजारी बसून तिला बरं होताना पाहणार होती.

बोक्याचं नाव क्लॅरन्स. अंगाने थोराड, रंगाने राखाडी, आणि चेहरा असा की याची बढती कुणीतरी वशिल्याने पळवली असावी. हार्लन शेतावर वाढलेला. त्याच्या लहानपणी मांजरं गोठ्यात राहत, त्यांना नावं नसत, आणि गुरांचा डॉक्टर आला की ती बाजूला सरकून त्याला वाट देत. डॉक्टर गाईसाठी असतो. मांजराला डॉक्टरकडे नेणं हे हार्लनच्या मते मांजराचाच अपमान होता. मार्लिस क्लॅरन्सला वर्षातून एकदा लस टोचायला नेत असे तेव्हा हार्लन गाडीत बसून राही, आणि ओळखीचं कुणी दिसलं तर मान खाली घालून रेडिओशी खटपट करी.

दोघांमध्ये वाद होता तो खुर्चीचा. मागे रेलणारी, पाय वर करणारी, खिडकीजवळची खुर्ची. हार्लनच्या मते ती त्याची होती कारण ती त्याने विकत घेतली होती. क्लॅरन्सच्या मते ती त्याची होती कारण तो तिच्यात बसलेला होता. रोज दुपारी जेवण आटोपून हार्लन खुर्चीपाशी यायचा, क्लॅरन्सला चार शब्द सुनवायचा, क्लॅरन्स एक डोळा उघडून ते ऐकून घ्यायचा, आणि मग हार्लन समोरच्या स्टुलावर बसून पेपर वाचायचा. हे भांडण वर्षानुवर्षं चाललेलं होतं आणि ते मिटावं असं दोघांपैकी एकालाही वाटत नव्हतं.

त्या शनिवारी सकाळी क्लॅरन्स आपल्या शी-शूच्या वाळूच्या पेटीत गेला, बसला, उठला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. हार्लन कॉफी पीत बघत होता. बोका परत आत, परत बाहेर. मधूनच एक बारीक, घोगरा आवाज काढायचा, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा. मग शेपटीखाली चाटत बसायचा, की पुन्हा पेटी.

"अजून थोडं बघू," हार्लन त्याला म्हणाला.

आता इथे आमच्याकडच्या बोलण्याची एक रीत सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. विलो नॅरोजमध्ये "कसं काय?" असं विचारलं तर "तसं बरं आहे" हे एकच उत्तर देतात. ज्याला लॉटरी लागली तोही हेच म्हणतो आणि ज्याचं कोठार जळून गेलं तोही हेच म्हणतो. ऐकणाऱ्याने आवाजावरून काय ते समजून घ्यायचं. फारच झालं तर "जरा कमी बरं आहे" असं म्हणायची सोय आहे, पण ती लोक मरणाच्या आसपास राखून ठेवतात. हार्लनचं अपेंडिक्स फुटलं होतं तेव्हा तो डॉक्टरांना म्हणाला होता की पोटात जरा कुरकुरतंय, पण तुम्हाला आधी दुसरे पेशंट बघायचे असतील तर बघा. म्हातारे डॉक्टर इथलेच होते. त्यांनी "जरा" हा शब्द ऐकला आणि खुर्चीवरून उठतानाच सर्जनला फोन लावला. आमच्याकडे माणसं वाचतात ती अशी. सांगणाऱ्याने कमी सांगायचं, ऐकणाऱ्याने जास्त ऐकायचं. मधल्यामध्ये एखादा परका आला की मात्र घोटाळा होतो.

पहिला सल्ला शेजारच्या व्हर्लिनकडून आला. व्हर्लिन बर्फावरच्या मासेमारीच्या स्पर्धेला निघाला होता आणि वाटेत हार्लनचं फावडं मागायला थांबला होता. भिंतीवरचं नव्हे, रोजच्या वापरातलं. स्पर्धेच्या दिवशी आमचं अख्खं गाव गोठलेल्या तळ्यावर जाऊन बर्फाला भोकं पाडून बसतं. त्या दिवशी दुकानं बंद, पोस्ट बंद, आणि कुणाला मरायचं असेल तर त्यानेही रविवारपर्यंत थांबावं अशी अपेक्षा असते.

व्हर्लिनने दारातूनच क्लॅरन्सकडे पाहिलं आणि निदान केलं. "कोठा जड झालाय त्याचा. डब्यातला भोपळा दे. आमच्या आईकडे एक मांजर होतं, भोपळा खाऊन असं मोकळं झालं की ते परत दिसलंच नाही."

"डॉक्टरला दाखवावं का?" हार्लनने विचारून पाहिलं. तोंडातून निघून गेलं म्हणा.

व्हर्लिनने टोपी वर सरकवून त्याच्याकडे नीट पाहिलं. "मांजराला? हार्लन, तू बरा आहेस ना? उद्या त्याला चर्चच्या कमिटीवर घेशील." असं म्हणून तो फावडं घेऊन गेला.

हार्लनने फडताळात शोधून भोपळ्याचा डबा काढला. तो निघाला दालचिनी आणि साखर घातलेला, गोड पम्पकिन पाय करायचा भोपळा. पण भोपळा तो भोपळाच, असा विचार करून त्याने चमचाभर क्लॅरन्सपुढे धरला. क्लॅरन्सने वास घेतला, एकदा चाटलं, आणि मार्लिसच्या विणकामाच्या टोपलीत जाऊन ओकला.

दुसरा सल्ला समोरच्या आर्डिसबाईंचा. आर्डिसबाईंनी हार्लनला रविवारच्या शाळेत शिकवलेलं होतं आणि तेव्हापासून त्यांनी त्याला मोठा होऊ दिलेलं नव्हतं. व्हर्लिनने वाटेत त्यांच्याकडे बातमी पोहोचवली होती. त्या खिम्यावर बटाट्याच्या गोळ्यांचा थर देऊन भाजलेल्या हॉटडिशचा भलामोठा ट्रे घेऊनच आल्या, कारण आमच्याकडे कुठल्याही घरी काहीही झालं तरी आधी हॉटडिश जातो, मग माणूस बोलतो.

"भोपळा काय देतोस," त्या म्हणाल्या. "कोमट पाण्यात बसव त्याला. पोट सैल पडतं. आणि ऑलिव्हचं तेल पाज. माझ्या नवऱ्याला मी हेच करायचे."

आर्डिसबाईंचे यजमान जाऊन बराच काळ झाला होता. पण त्यांच्या जाण्याचा आणि तेलाचा संबंध होता का, हे विचारण्याची हार्लनची प्राज्ञा नव्हती. त्याने न्हाणीघरातल्या टबात कोमट पाणी सोडलं. मांजराला पाण्यात बसवण्याचं वर्णन करून मी सभ्य वाचकांना त्रास देणार नाही. एवढंच सांगतो की थोड्या वेळाने टबात हार्लन होता, कपड्यांसकट. क्लॅरन्स पडद्याच्या दांडीवर होता, आणि तेलाची बाटली कुठे होती हे पाऊल टाकल्यावर कळलं. आर्डिसबाई दाराआडून म्हणाल्या की त्यांचे यजमान यापेक्षा सहकार्य करत असत.

हार्लन कपडे बदलून आला तेव्हा क्लॅरन्स बेसिनखाली पडलेला होता. हार्लनने मुद्दामच जवळ जाऊन त्याला एक शिवी दिली. नेहमीची, सौम्य. क्लॅरन्सने डोळासुद्धा उघडला नाही. या गोष्टीने हार्लन जरा अस्वस्थ झाला. माणसाला शिव्या देण्याइतकंच त्या ऐकून घेणारं कुणी असणं महत्त्वाचं असतं.

त्याने आर्डिसबाईंना सांगितलं की मी डॉक्टरांना फोन करतोय. "काय म्हणतील लोक," असं त्या म्हणाल्या. हार्लन म्हणाला, लोक तळ्यावर आहेत.

डॉक्टरही तळ्यावरच होत्या. दवाखान्याच्या फोनवर डॉक्टर नीमींचा आवाज टेपवरून सांगत होता की आज स्पर्धेनिमित्त दवाखाना बंद आहे, तातडीचं असल्यास अमुक नंबरवर सल्ला मिळेल. हार्लनने तो नंबर फिरवला. फोन घेणारी मुलगी टेक्सासमध्ये कुठेतरी बसलेली होती. नाव शायला, आवाज मधाळ, आणि मिनेसोटा तिने नकाशातसुद्धा पाहिलेलं नसावं.

"बोला काका, काय होतंय आपल्या बाळाला?"

हार्लनचं सोडा, बाळ म्हणवून घेणं खुद्द क्लॅरन्सलाच रुचलं नसतं. पण तो सभ्यपणे म्हणाला, "विशेष काही नाही. तुम्ही कामात असाल तर नंतर करतो."

"अहो, हेच तर काम आहे आमचं. खातोय का?"

"चाटलं थोडं." भोपळा.

"उलटी?"

"एकदा. मनावर घेण्यासारखी नाही."

"दुखतंय असं वाटतं का त्याला?"

"तक्रार नाही त्याची."

"लघवी होते का? बोका असेल आणि लघवी होत नसेल, तर ते फार वाईट असतं बरं का काका. मग अजिबात थांबायचं नाही, असाल तसे निघायचं."

हार्लन विचारात पडला. इतका वेळ सगळ्यांनी कोठाच धरून ठेवला होता, लघवीचा विचार कुणी केलाच नव्हता. पण एका परक्या मुलीला, तिच्या कामाच्या वेळात, फार वाईट आहे असं सांगायचं म्हणजे तिच्यावर ओझं टाकण्यासारखं. "होत असावी," तो म्हणाला. "प्रयत्न तर भरपूर करतोय."

"मग एकंदरीत कसा आहे म्हणायचा?"

"तसं बरं आहे," हार्लन म्हणाला.

इथल्या कुणीही त्याचा आवाज ऐकून गाडी काढली असती. शायलाने मात्र जे ऐकलं ते खरं धरलं. त्यात तिची काही चूक नव्हती. तिने सांगितलं की मग सोमवारी दाखवा, भरपूर पाणी पाजा, आणि बाळाला माझ्याकडून एक पापी द्या.

हार्लन खुर्चीपाशी आला. खुर्ची रिकामी होती. तो बसला. पाय वर केले. मागे रेलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो दुपारी त्या खुर्चीत बसला होता, आणि कुणीही त्याच्याकडे तुच्छतेने बघत नव्हतं. खुर्ची चांगली होती. तिच्यात बसून त्याला अतिशय वाईट वाटलं.

तो उठून वाळूच्या पेटीपाशी गेला आणि गुडघ्यांवर बसला. रस्ता निसरडा आहे की नाही हे तो नेहमी हातमोजा काढून, तळवा रस्त्यावर टेकून बघायचा. तसाच त्याने तळवा वाळूवर टेकला. इथे टेकला, तिथे टेकला, कोपऱ्यात टेकला. सगळीकडे ठणठणीत कोरडी. हाताला कोरडं लागलं की हार्लनला जन्मभर आनंद होत आलेला. आज पहिल्यांदाच तो झाला नाही.

"निघायचं," तो म्हणाला. आर्डिसबाईंनी विचारलं कुठे. तो म्हणाला, डुलूथला, तिथे प्राण्यांचा मोठा दवाखाना आहे, सुट्टीतही चालू असतो. आर्डिसबाईंनी शांतपणे सांगितलं की रेडिओवर आत्ताच आलंय, डुलूथचा हायवे बंद केलाय. वारा फार आहे म्हणे.

हा हुकूम ट्रॅव्हिस लुंडचा होता. ट्रॅव्हिस हार्लनच्या जागी आलेला पोरगा. बर्फाचे दोन कण एकमेकांना भेटलेले दिसले की हा रस्ता बंद करतो, असं हार्लनचं मत होतं आणि ते तो दर रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी पिताना मांडत असे. त्या क्षणी त्याने ट्रॅव्हिसबद्दल जे उद्गार काढले ते ऐकून आर्डिसबाई हॉटडिश ओव्हनमध्ये ठेवायला निघून गेल्या.

राहिल्या डॉक्टर नीमी. हार्लनने क्लॅरन्सला मार्लिसच्या स्वेटरमध्ये गुंडाळलं, पिंजऱ्यात ठेवलं, ट्रक सुरू केला आणि पाहिलं तर फाटकाशी कमरेएवढी बर्फाची भिंत. ट्रॅव्हिसच्या माणसाने रस्त्यावरून बर्फ हटवायचा नांगर फिरवताना सगळा बर्फ इमानेइतबारे हार्लनच्या दारात लोटला होता. हार्लन स्वतः नोकरीत असताना लोक याच गोष्टीची तक्रार घेऊन येत आणि तो त्यांना सांगत असे की यात वैयक्तिक काही नसतं. आता त्याला ते अतिशय वैयक्तिक वाटलं. फावडं व्हर्लिनने नेलेलं. म्हणजे उरलं भिंतीवरचं.

सोनेरी फावडं समारंभासाठी केलेलं होतं. हार्लनने पहिला घाव घातला तेव्हा रंगाचे पापुद्रे उडाले, दुसऱ्या घावाला पातं वाकलं. तो खणत राहिला. आर्डिसबाई खिडकीतून सांगत होत्या की हार्लन, तुझ्या वयाला हे शोभत नाही, तुझं हृदय, तुझी कंबर. हार्लन म्हणाला की माझं हृदय माझं आहे. पातं कागदासारखं मुडपलं तेव्हा ट्रक जाण्याइतकी फट झाली होती. फावड्यावर "अजून" एवढंच वाचता येत होतं. तेही नीट नाही.

तळ्यावर सगळी काउंटी जमलेली. नजर पोचेल तिथवर ट्रक, खोपटी, तंबू, आणि प्रत्येक भोकापाशी एक वाकलेली पाठ. सगळ्या पाठी सारख्याच, सगळ्यांवर तेच जाड कोट. यातली डॉक्टर नीमींची पाठ कोणती हे त्यांच्या आईलाही सांगता आलं नसतं. हार्लन पिंजरा छातीशी धरून व्यासपीठाकडे गेला. तिथे ड्वेन स्क्रामस्टॅड, एरवी हत्यारांच्या दुकानाचा मालक, लाउडस्पीकरवरून सोडतीचे आकडे सांगत होता.

"हार्लन. कसं काय?"

"तसं बरं आहे," हार्लन म्हणाला. जीभ आपोआप वळली. "डॉक्टर नीमींना जरा बोलवायचं होतं."

"बोलावू की. तातडीचं आहे का?"

"नाही, तसं काही नाही. तुझं चालू दे."

"मग सोडत आटोपतो. हॅमची बक्षिसं तेवढी राहिलीत. कॉफी घे."

हार्लनने नको म्हटलं. ड्वेनने पुन्हा विचारलं. हार्लनने पुन्हा नको म्हटलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर घ्यावी लागते. तिसऱ्यांदाही नको म्हणणं म्हणजे भांडण काढणं. मरायला टेकलेला बोका एका हातात आणि कॉफीचा कप दुसऱ्या हातात घेऊन हार्लन उभा राहिला आणि ड्वेनने हॅम कुणाकुणाला मिळाली ते वाचायला सुरुवात केली. त्यातली एक व्हर्लिनला मिळाली. ती घ्यायला तो आला, आणि हार्लनच्या हातातला पिंजरा पाहून आजूबाजूच्यांना ऐकू जाईल इतपत म्हणाला, "आणलंस तू त्याला इथे? अरे, मांजर आहे ते."

दोघेचौघे हसले. आमच्याकडे हसतात तसे, नाकातून.

पिंजऱ्यातून तो आवाज आला. जुन्या बिजागरीचा. पण आता फार बारीक, जणू दार कुठेतरी लांब मिटत होतं.

हार्लनने कॉफी बर्फावर ओतून दिली. हे पाहून हसणारे थांबले, कारण भरलेली कॉफी ओतून देणारा माणूस विलो नॅरोजमध्ये कुणी पाहिलेला नव्हता. मग त्याने पुढे होऊन ड्वेनच्या हातातून माइक काढून घेतला. हॅमचा एक मानकरी अर्धवटच राहिला.

"मी हार्लन ब्रेके," तो म्हणाला आणि त्याचा आवाज तळ्याच्या पलीकडच्या झाडांवर आपटून परत आला. "माझ्याकडे एक बोका आहे. त्याचं वाईट आहे. तसं बरं नाही, जरा कमी बरं आहे असंही नाही. वाईट आहे. सकाळपासून वाईट आहे आणि मी प्रत्येकाला बरं आहे म्हणून सांगत बसलो. डॉक्टर नीमी, तुम्ही असाल तिथून उठा आणि या. हो, मांजरच आहे, व्हर्लिन. मला दिसतंय. आणि ज्याला हसायचं असेल त्याने गळ गुंडाळून इथे समोर यावं आणि माझ्या तोंडावर हसावं. मी थांबलोय."

तळ्यावर असली शांतता पसरली की खालचे मासे दचकले असावेत. "वाईट" हा शब्द जाहीरपणे, आणि तोही लाउडस्पीकरवरून, कुणी उच्चारल्याची गावात आठवण नव्हती. सगळ्या पाठी एकदम वळल्या. मग मधल्या रांगेतली एक पाठ उठली आणि पळत सुटली. धावता धावता डॉक्टर नीमींनी हातातला गळ वाटेतल्या पहिल्या माणसाकडे दिला. तो व्हर्लिन होता. एका हातात हॅम, दुसऱ्या हातात गळ, असा तो उभा राहिला.

डॉक्टरांनी हातमोजे दातांनी ओढून काढले आणि पिंजऱ्यात हात घालून क्लॅरन्सचं पोट चाचपलं. त्यांचा चेहरा बदलला.

"लघवी तुंबलीय. दगडासारखं लागतंय. कधीपासून?"

"सकाळपासून बघतोय."

"काय बघत होता?"

व्हर्लिन म्हणाला, "आम्हाला वाटलं कोठा..." डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याचं वाक्य हॅमकडे बघतच संपलं.

"बोका पुन्हा पुन्हा पेटीत जातो आणि काही होत नाही, तेव्हा बघायचं नसतं हार्लन, निघायचं असतं," डॉक्टर ट्रककडे धावतच म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत बसला असतात तर मला बोलवायची गरज उरली नसती. चला, गाडी काढा."

निघताना पाहिलं तर ट्रकपुढे वाट मोकळी झालेली होती. कुणी काही बोललं नव्हतं, पण माणसांनी आपापली खोपटी ढकलून बाजूला घेतली होती. दवाखान्यापर्यंतच्या प्रत्येक वळणावर कुणीतरी उभं राहून इतर गाड्या अडवत होतं. त्यात एका चौकात नांगराची गाडी आडवी लावून ट्रॅव्हिस लुंड स्वतः उभा होता. त्याने हार्लनसाठी हमरस्ता बंद केला होता. हार्लनने जाता जाता स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं. आमच्याकडे ही कृतज्ञतेची परमावधी.

दवाखान्यात डॉक्टरांनी क्लॅरन्सला गुंगी दिली, बारीक नळी घालून अडथळा मोकळा केला, पायाला सलाइन लावलं. हार्लन बाहेर बसला. रेडिओशी खटपट करायला तिथे रेडिओ नव्हता. डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा तो उभा राहिला आणि त्यांचा आवाज ऐकण्याची वाट न बघता, आमच्याकडे कुणी विचारत नाही तसं, सरळ विचारलं, "जगेल का?"

"जगेल," डॉक्टरही सरळ म्हणाल्या. "तीन-चार दिवस इथे राहील. त्याने मला ओरबाडलंय. चांगलं लक्षण आहे."

हार्लन घरी पोहोचण्याआधी बातमी ॲरिझोनाला पोहोचली होती. फोन वाजतच होता.

"आर्डिसबाईंचा फोन आला होता," मार्लिस म्हणाली. "तू माइकवर ओरडलास म्हणे. क्लॅरन्स कसा आहे?"

"तसं ब..." हार्लन म्हणाला आणि थांबला. "सकाळी त्याचं वाईट होतं. आता बरा आहे. म्हणजे खरोखरच बरा."

मग मार्लिसने विचारलं, "आणि तू?"

हार्लनने खुर्चीकडे पाहिलं. ती रिकामी होती. तो स्टुलावरच बसलेला होता.

"माझं वाईट आहे," तो म्हणाला. "तू ये."

मार्लिस इथलीच. तिने पहिल्याच विमानाचं तिकीट काढलं. बहिणीला म्हणाली, गुडघा काय, तो बसल्या बसल्या बरा होतो. हार्लनने लग्नाची मागणी घालतानाही एवढं बोलून दाखवलं नव्हतं.

त्या आठवड्यात हार्लनच्या दाराशी नऊ हॉटडिश आले. वाईट आहे असं तोंडाने कबूल करणाऱ्याच्या घरात काय चाललं असेल या कल्पनेने गाव हादरलं होतं. व्हर्लिन फावडं परत द्यायला आला. डॉक्टरांच्या गळाला त्याच्या हातात एक चांगला वॉलाय मासा लागला होता आणि तो नक्की कुणाचा यावर कमिटीत वाद चालू होता. पण तो त्याबद्दल बोलला नाही. दारात उभा राहून, बर्फाकडे बघत तो म्हणाला की त्याची कंबर बऱ्याच दिवसांपासून वाईट आहे, आणि हे कुणाला सांगू नकोस. हार्लनने त्याला आत घेऊन हॉटडिश वाढला.

क्लॅरन्स घरी आला तो पोटावरचे केस भादरलेला आणि पहिल्यापेक्षा अधिक नाराज असा. डॉक्टरांनी त्याला दुसरं खाणं लावून दिलं होतं आणि ते हार्लनचंच कारस्थान आहे अशी त्याची समजूत होती. त्याने थेट खुर्ची गाठली. वाकडं फावडं मार्लिसने पुन्हा भिंतीवर लावलं आणि धूळ झटकताना सुस्कारा सोडला नाही.

पुढच्या रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी कुणीतरी हार्लनला नेहमीसारखं विचारलं, कसं काय. हार्लनने सांगितलं. त्याने उजव्या खांद्याबद्दल सांगितलं, झोपेबद्दल सांगितलं, आर्डिसबाईंच्या कॉफीपेक्षा बेसिनचं पाणी बरं असं सांगितलं, आणि कधी कधी हिवाळ्यात आपल्याला उगीचच रडू येतं हेही सांगितलं. विचारणाऱ्याच्या हातातला केक तसाच राहिला. त्यापुढच्या रविवारी त्याने तेच केलं. लोक लांबून वळसा घालून जाऊ लागले. काहीजण मात्र जवळ येऊन, इकडेतिकडे बघत, हळूच बसू लागले.

शेवटी पास्टर ग्रेटचेन, तरुण आणि दयाळू बाई, त्याच्याशेजारी येऊन बसल्या. त्यांनी फार हळुवारपणे सांगितलं की हार्लन, तुमच्या मोकळेपणाचं कौतुकच आहे, पण मंडळींना जरा जड जातंय. पूर्वीसारखं "तसं बरं आहे" म्हणून भागण्यासारखं नाही का?

हार्लनने शांतपणे कॉफीचा घोट घेतला, टोपी गुडघ्यावर झटकली, आणि म्हणाला, "अजून थोडं बघू."